विळ्याला पाणी दिलंय का?

खंडेनवमी जवळ आली. मुरबाड-शहापूरकडे भात पिवळं पडायला लागलं की कल्याणच्या बाजारात विळ्यांचे ढीग लागतात. आज त्या विळ्यांबद्दलच बोलू.

गेल्या कापणीला आमच्या एका गटाने वीस विळे एकदम घेतले. ठप्पा ओळखीचा, आईच्या वेळेपासून घरात असलेला. चौथ्या दिवशी धार बसली, आठवड्यात सहा मुठी हलायला लागल्या. मजुरीवर जाणाऱ्या बाईचा विळा बोथट झाला की तिचा हात दुप्पट चालतो, मनगट सुजतं आणि ओळ मागे राहते. वर मुकादमाची बोलणी तिलाच.

असं का होतं? जुना विळा लोहार ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून करायचा. त्या पोलादात कार्बन जास्त असतो. लाल तापवून बुडवलं की ते कडक होतं, मग बेताने पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. यालाच आपण पाणी देणं म्हणतो. साध्या पत्र्यात कार्बन फार कमी, त्याला कितीही पाणी दिलं तरी धार टिकत नाही. आता पुष्कळ विळे अशा पातळ पत्र्यातून ठोकून काढतात, वरून रंग मारतात. माल एकाचा, ठप्पा दुसऱ्याचा, असंही चालतं. नाव तेच राहतं, पोलाद बदलतं.

नाव कमवायला किती वेळ लागतो बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती असा एकेक गिऱ्हाईक जोडत. घालवायला मात्र दोन हंगाम पुरतात, असं माझं मत.

म्हणून दुकानात जाताना पर्समध्ये छोटी कानस टाका. मुठीजवळच्या कडेला हलकेच घासा. मऊ लोखंड लगेच भुगा सोडतं, पाणी दिलेल्या पात्यावरून कानस घसरायला बघते. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे. मग मूठ धरून पातं हलवा. पात्याचं टोक मुठीत खोल गेलंय की नुसतं खोचलंय, तेही बघा. मूठ आपल्या हातात मावायला हवी, बहुतेक मुठी पुरुषांच्या पंजाच्या मापाच्या असतात. दातेरी विळा घेणार असाल तर दाते एकसारखे आणि बारीक हवेत.

आणि बिल मागा. बिल नसलं की भांडायला तोंड राहत नाही. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मालावर आयएसआयचा शिक्का असेल तर त्याखालचा नंबर ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून खरा की खोटा बघता येतो. गटातल्या शिकणाऱ्या मुलींना हे काम सांगा, त्या दोन मिनिटांत करतात.

गटाने खरेदी करायची तर आधी एकच विळा आणा. चार जणींनी चार दिवस गवतावर चालवून बघा, मग बाकीचे घ्या. गावात अजून भाता पेटवणारा लोहार असेल तर त्याच्याकडे चौकशी करा. त्याचा विळा तीस-चाळीस रुपयांनी महाग पडेल, पण मूठ सैल झाली तर तो पुढच्या सोमवारी ठोकून देतो.