आडनावांतील फारसी दप्तर



१६७४ साली शिवछत्रपतींना राज्याभिषेक झाला. त्या सुमारास राज्यकारभारातील फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय देण्याचे कार्य रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडे आले, आणि त्यातून सुमारे १४०० शब्दांचा राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत. दरबारात ही नवी नावे रूढही झाली. घराण्यांची नावे मात्र मुजुमदार, सुरनीस, वाकनीस आणि डबीर अशीच राहिली.

यांतील 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. वाकिया, अर्थात घडलेली हकीकत, लिहिणारा तो वाकनीस. हिशेबाची फर्द लिहिणारा तो फडणीस. चिटणिसाची चिठ्ठी इकडचीच, शेपूट तेवढे फारसी. पारसनीस तर फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा. पद वंशपरंपरेने चालले म्हणजे मूळ उपनाम मागे पडे; नाना फडणीस (१७४२–१८००) हे मूळचे भानू, हे किती जणांच्या स्मरणात असते?

परभाषेतील पदनाम आडनाव होऊन बसावे, यात लाजिरवाणे काही नाही. जर्मन लोकांत 'मायर' हे आडनाव उदंड आढळते. ते लॅटिन 'मायोर' या शब्दापासून आले असून जमीनदाराचा कारभारी असा त्याचा अर्थ होता. 'फोग्ट' हे लॅटिन 'आद्वोकातुस'चे रूप. तिकडे राज्यकारभाराची भाषा लॅटिन होती, दख्खनेत फारसी. एवढाच काय तो भेद.

हैदराबादच्या मराठी घराण्यांना तर याचा विशेष अनुभव आहे. पहिल्या सालारजंगांनी १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली, वसुली सरकारी नोकरांकडे गेली, आणि देशमुख-देशपांडे मंडळी रुसुमावर राहिली. अधिकार गेला, आडनाव उरले. (ज्या पेठेत आपण जमलो आहोत तिचे नाव मात्र चटकन बदलले: १९३३ साली हा भाग निजाम सरकारकडे परत आला आणि रेसिडेन्सी बाजाराचा सुलतान बाजार झाला.)

आता येथे निराळाच प्रश्न उभा राहतो. तेलुगू रिवाजात घराचे नाव, म्हणजे 'इंटि पेरु', आधी येते आणि बहुधा आद्याक्षरापुरते लिहिले जाते. हरिभाऊ आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेणारे पी. व्ही. नरसिंह राव यांचे 'पामुलपर्ती' त्या 'पी'मध्ये सामावले आहे. तेलुगू समाजाला त्या अक्षरामागचे घर ठाऊक असते. मराठी मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर 'व्ही' एवढेच उरले, तर त्यातून वाकनीस कोण ओळखणार? वाघमारे की वैद्य, हेही कळावयाचे नाही. म्हणून दाखल्यावर आडनाव पूर्ण लिहावे, आणि माळ्यावरची मोडी व फारसी कागदपत्रे, सनदा, रुसुमाच्या पावत्या रद्दीत घालण्यापूर्वी जाणकाराच्या नजरेखालून घालावीत. मोडी वाचणारे अद्याप मिळतात.