त्या समारंभात आई कुठे होती?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



दत्तक या विषयावर बोलायला सांगितलं, म्हणून मी एक पाकीट सोबत आणलं आहे. त्यातले फोटो दाखवणार नाही. का, ते पुढे सांगते. आधी वर्णन ऐका.

अमेरिकेतल्या एका लहान गावातला हॉल. कागदी झेंडूच्या माळा. साड्या नेसलेल्या गोऱ्या बायका, हातांवर मेंदी, टेबलावर समोसे. ‘भारतीय संध्याकाळ’, तिकीट वीस डॉलर. कोपऱ्यात एक मोठं चित्रकोडं. त्याचा एकेक तुकडा पैसे देऊन घ्यायचा, मागे आपलं नाव लिहायचं. पुरं झालेलं चित्र येणाऱ्या मुलीच्या खोलीत लागणार.

परदेशातून मूल दत्तक घ्यायला तिथल्या कुटुंबाला साधारण २५ ते ५० हजार डॉलर खर्च येतो. एजन्सी, गृहचौकशी, कागदपत्रं, प्रवास. नोकरदार जोडपं एवढे पैसे कुठून आणणार? मग जुनं सामान विकतात, केक विकतात, जेवणावळी घालतात. मी त्यांना हसत नाही. त्या जोडप्याने मुलीसाठी मनापासून धडपड केली. आज ती त्यांच्याकडे सुखात आहे.

पण हॉलच्या भिंतीवर त्या मुलीचा मोठा फोटो होता, खाली नाव. दत्तकाचा आदेश तेव्हा व्हायचा होता. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही. फाइलसाठी पाठवलेला फोटो वर्गणीसाठी वापरला गेला. मी संस्थेत हा प्रश्न काढला, तेव्हा ‘चांगल्या कामासाठीच ना?’ असं उत्तर मिळालं. म्हणून आज फोटो पाकिटातच राहतील.

आता त्या समारंभात नसलेल्या बाईबद्दल.

मुलगी जन्मली ती ओठ आणि टाळू दुभंगलेली. सासू म्हणाली, ‘ग्रहणात विळीवर बसली, म्हणून असं झालं.’ नवऱ्याने माहेरी आणून टाकलं. माहेरी भावाचा संसार. अशा बाळाला अंगावर ओढता येत नाही. या बाईने बोळ्याने दूध पाजून चार महिने ते जगवलं. मग बालकल्याण समितीपुढे येऊन तिने मूल सोडून देण्याच्या कागदावर अंगठा दिला.

कायदा आईला फेरविचारासाठी दोन महिने देतो. तेवढं मी तिला सांगितलं. जे सांगितलं नाही, ते आज तुमच्यासमोर कबूल करते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, म्हणजे २०१३ पासून, ओठ-टाळूची शस्त्रक्रिया मोफत होते. महाराष्ट्रात एकट्या आईच्या मुलाला बालसंगोपन योजनेतून मदत मिळू शकते. मला दोन्ही माहीत होतं. पण ती खाली मान घालून बसली होती, बाहेर पुढची माणसं थांबली होती. मी फॉर्म भरला.

आता हिशोब करू. परदेशी कुटुंबाकडून इथल्या संस्थेला ठरलेलं शुल्क मिळतं ५,००० डॉलर, म्हणजे चार लाखांच्या वर. बालसंगोपनाचे आज महिन्याला २,२५० रुपये, वर्षाचे २७,०००. त्या शुल्कात एका मुलाचं पंधरा वर्षांचं बालसंगोपन बसतं. शुल्क बेकायदा नाही, त्यातून संस्थेतली इतर मुलंही वाढतात. माझा मुद्दा वेगळा आहे. मूल आईजवळ असेपर्यंत त्याच्यासाठी पैसा हलत नाही. आई बाजूला झाली की जग वर्गणी काढतं.

नियम नाहीत असं नाही. १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकासाठी मार्गदर्शक तत्त्वं घातली. १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये मान्य केला. मूल जन्मदात्या कुटुंबात राहावं यासाठी राज्याने प्राधान्याने प्रयत्न करावेत, असं त्याच्या प्रस्तावनेतच आहे. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं की, तिथून पाठवलेल्या कित्येक मुलांच्या नोंदी खोट्या केल्या होत्या. कागद चोख असला म्हणजे आईला विचारलं गेलं, असं होत नाही.

आणि संस्कृतीचं काय? समोसा, मेंदी हा तिचा सणाचा अर्धा भाग. आईला ग्रहणाचा दोष देऊन घराबाहेर काढणारी ती उरलेला अर्धा. आपल्या मुलीला पहिला अर्धा शिकवायचा, तर दुसराही कधीतरी सांगावा लागेल. नाहीतर ती एवढंच समजेल की आईला मी नकोशी होते. ते खरं नाही.

म्हणून आपण तीन गोष्टी धरून लावू. कागदावर अंगठा घेण्याआधी प्रत्येक आईला तिच्या भाषेत उपचार, योजना आणि दोन महिन्यांची मुदत नीट सांगितली जावी. जमल्यास आपल्यापैकी एकीने सोबत बसावं. मुलांचे फोटो वर्गणीसाठी वापरू देऊ नयेत. आणि आईची ओळख सांभाळून तिची हकिकत फाइलमध्ये लिहिली जावी. अठरा वर्षांनंतर मुलगी आपलं मूळ शोधायला येऊ शकते, तो तिचा हक्क आहे.

ती आली तर काय सापडेल? उशिरा का होईना, मी फाइलमध्ये एक ओळ घालून घेतली आहे : आईने चार महिने बोळ्याने दूध पाजलं.