जमिनीचे येणे-देणे
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात शिरोळ येथे केलेले भाषण)



आपल्या मेळाव्यात दरवर्षी विद्यार्थ्यांचा गुणगौरव होतो आणि शिष्यवृत्तिनिधीचा जमाखर्च वाचला जातो. निधीतील पैशापैशाचा जाब विचारणारे आपण, ज्या जमिनीच्या जिवावर हा निधी उभा राहिला तिचा जमाखर्च मात्र कधी मांडीत नाही. म्हणून कार्यकारी मंडळाने चार शब्द बोलण्याची आज्ञा करताच आम्ही हाच विषय घेतला.

आपला तालुका कृष्णा-पंचगंगेच्या कुशीत वसलेला. नृसिंहवाडीच्या संगमाच्या आसमंतातील काळी जमीन म्हणजे नद्यांनी युगानुयुगे आणून टाकलेली ठेव होय. आमच्या वडिलांच्या काळी शेतात मेंढरे बसवीत, शेणखत घालीत आणि पिकांची फेरपालट करीत. पुढे नदीवरून उपशाचे पाणी आले. ऊस आला, घरे पक्की झाली, मुले शिकली. हे उपकार नाकारण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. परंतु पाणी वाढविले तर ऊस वाढतो आणि युरिया वाढविला तर तो अधिकच वाढतो, असा जो समज रूढ झाला, त्यात आम्हीही वाहवत गेलो.

एका उन्हाळ्यात आमच्या मळ्याच्या सखल कोपऱ्यात पांढरा खार फुटला. खत कमी पडले असे समजून आम्ही आणखी दोन गोण्या युरिया टाकला. पुढच्या लागणीला कोंबच करपले. मग शहाणपण सुचले आणि माती तपासून घेतली. सामू साडेआठाच्या वर गेलेला! जमीन उपाशी नव्हती, तिला अजीर्ण झाले होते. अजीर्ण झालेल्या माणसाला पक्वान्ने वाढावी, तसे आम्ही करीत होतो.

खताचे प्रमाण ही अंदाजाची बाब नव्हे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे सुरू उसास हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश लागते. एकराचा हिशेब केला तर अनुक्रमे १००, ४६ आणि ४६ किलो. म्हणजे डीएपीच्या ५० किलोच्या दोन गोण्या, युरियाच्या ४५ किलोच्या चार आणि म्युरेट ऑफ पोटॅशची दीड गोणी. त्यातही सारा युरिया एकदम न देता लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंत विभागून द्यावयाचा. माती तपासल्यावर यातही कमीजास्त करावे लागते. आपल्यापैकी कितीजण एकरी किती गोण्या टाकतात, हे ज्याचे त्याने मनाशी मोजावे. पिकाने न घेतलेले नत्र काही हवेत उडते, काही पाण्याबरोबर झिरपून विहिरीत उतरते. पैसा आपला, आणि ते पाणीही आपलीच लेकरे पिणार.

रासायनिक खत वाईट, असे आमचे म्हणणे नाही. मात्र ते अंगी लागण्यास मातीत सेंद्रिय अंश हवा. पाचट पेटवून देणे म्हणजे घरातील धान्य जाळून बाजारातून पीठ आणणे होय. ते सरीत कुजवावे. खोडवा निघाल्यावर ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या सुमारास गाडावा. हे काही नवे शास्त्र नव्हे, विसरलेली रीत आहे.

आता निचऱ्याचा मुद्दा. चोपण जमिनीत जिप्सम टाकतात, कारण त्यातील कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमला सोडविते. परंतु सुटलेला सोडियम धुऊन जाण्यास वाट नसेल तर जिप्समचा पैसा वाया जातो. म्हणून आधी निचरा, मग औषध. येथील श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने शेतकऱ्यांना एकत्र आणून, जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून क्षारपड जमिनी सुधारण्याचे काम केले, ते सर्वांनी जाऊन पाहावे.

एकत्र आणून, हे शब्द आम्ही मुद्दाम उच्चारले. आमच्या शेताचे पाणी ओढ्याला जावयाचे तर चर भाऊबंदांच्या रानातून काढावा लागत होता. बांधाच्या जुन्या तंट्यामुळे आमचे बोलणे बंद. आम्ही विचारले नाही, त्यांनीही विचारले नाही. दोन वर्षे आमचा खार वाढत राहिला आणि शेवटी तो बांध ओलांडून त्यांच्या रानात फुटला. खाराला सातबारा वाचता येत नाही! तेव्हा आम्ही होऊन त्यांच्या दारी गेलो. त्यांनी चहा मांडला आणि चर निघाला. जमीन हळूहळू सुधारत आहे. ती दोन वर्षे मात्र केवळ आमच्या मानापोटी गेली, हे येथे सर्वांसमक्ष कबूल करतो.

यास्तव मंडळास आमची एकच विनंती आहे. पुढील मेळाव्यास प्रत्येक शेतकरी कुटुंबाने आपल्या रानाची माती आणावी. बांध, उकिरडा आणि झाडाची सावली टाळून आठदहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यावेत, माती मिसळावी, सावलीत वाळवावी आणि अर्धा किलो पिशवीत भरावी. खत टाकल्यावर लगेच नमुना घेऊ नये. मंडळाने सर्व पिशव्या एकत्र तपासणीस पाठवाव्यात आणि ज्यांची शिवारे लागून आहेत त्यांना निकाल वाचण्यास एकाच सतरंजीवर बसवावे.

आपण मुलांच्या नावे जमीन करून देतो. ती पिकती ठेवून देणे हेही आपलेच कर्तव्य होय.