तापीमाईचे दुखणे

आज आपण तापीमाईविषयी बोलू.

तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगवते. सुमारे 724 किलोमीटर वाहून ती सुरतेजवळ समुद्राला मिळते. वाटेत चांगदेवला तिला पूर्णा भेटते. पुढे हतनूरचे धरण आहे. त्याच्या पाण्यावर रावेर, यावल, चोपड्याची शेती पिकते. भुसावळ शहराला तेच पाणी मिळते. आमच्या दीपनगरचे वीजघरही त्याच पाण्यावर चालते.

वाहते पाणी थोडीफार घाण स्वतः निवळते. पण बैलगाडीत भार किती भरायचा, याला माप असते ना? नदीचेही तसेच आहे. आपण तिच्यावर भलताच भार टाकला आहे.

पहिला भार गाळाचा. बांध नसलेल्या शेतातली माती पावसात वाहते आणि धरणात साचते. गाळ वाढला की पाणी कमी मावते.

दुसरा भार सांडपाण्याचा. गावाची गटारे नदीत सुटतात. त्या पाण्याने हगवण, कावीळ पसरते.

तिसरा भार राखेचा. आपल्याकडचा कोळसा 100 किलो जाळला, तर 30 ते 40 किलो राख उरते. पुष्कळ राख सिमेंटला आणि विटांना लागते. उरलेली पाण्यात कालवून नळाने राखेच्या तळ्यात सोडतात. तळ्याचा बांध फुटला किंवा पाणी वरून वाहिले, तर राख नाल्यात आणि नाल्यातून नदीत जाते. ही राख पिठासारखी बारीक असते. ती तळाशी बसते, माशांची अंडी गाडली जातात. तिच्यात शिसे आणि सोमल यांचे अंशही असतात. चुलीच्या राखेने आपण भांडी घासतो, म्हणून ही राखही तशीच, असे समजू नका.

वीज आपल्याला हवी. पण पाणी तर आधी हवे.

मग करावे काय? शेताला बांध घाला. सांडपाण्यासाठी शोषखड्डा खणा. औषधाचे रिकामे डबे नदीत धुऊ नका. आणि नाल्यात राख दिसली तर गप्प बसू नका. नदीत घाण सोडायला 1974 च्या कायद्याने बंदी आहे. जागा, तारीख, काय दिसले, हे कागदावर लिहा. ग्रामसभेत ठराव करा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जळगावच्या कचेरीत अर्ज द्या. पोच मागून घ्या.

तोंडी गाऱ्हाणे हवेत विरते. लिहिलेले टिकते. आता तुम्हाला लिहिता येते. तो पहिला अर्ज तापीमाईसाठी लिहा.