बालमनाचा कारभारी

भद्रावती हें नांव निघालें कीं सुशिक्षित मनुष्यास विजासनचीं बौद्ध लेणीं आठवतात, भद्रनागाचें देवालय आठवतें, जैनांचें पार्श्वनाथ-तीर्थ आठवतें. व्यवहारी मनुष्यास तेथील आयुध निर्माणी आणि कोळशाच्या खाणी आठवतात. सुटींत ताडोब्यास वाघ पाहण्याकरितां जाणाऱ्या कुटुंबास मोहर्लीचें प्रवेशद्वार आठवतें. कारण मोहर्ली ह्याच तालुक्यांतील गांव आहे. परंतु त्या जंगलाच्या कडेस राहणाऱ्या तीन-चार वर्षांच्या मुलास वाघ हा पाहण्याचा प्राणी नव्हे. ज्या वाटेनें माय पहांटे गेली, त्या वाटेवर तो असतो.

मोहाचीं फुलें रात्रींतून गळतात, आणि जो उजाडतां उजाडतां झाडाखालीं पोंचेल त्याच्या टोपलींत तीं पडतात. मोह संपला कीं वैशाखांत तेंदूपानाचा हंगाम येतो. गरीब घराच्या वर्षाच्या मिळकतीस हे दोन हंगाम मोठा आधार देतात. आणि वाघ-बिबट्यांची व माणसांची गांठ पडण्याचे प्रसंगही ह्याच दिवसांत फार. वनांतच काय, वस्तींतही निर्धास्तपणा उरलेला नाहीं. २०२२ सालीं चंद्रपुरास लागून असलेल्या दुर्गापूरच्या वस्तींत बिबट्यानें लहान मुलांवर हल्ले केले, तेव्हां सायंकाळ झाली कीं अंगणें ओस पडूं लागलीं. जंगलापासून दूर, खाणीच्या बाजूस, मुलांच्या वांट्यास निराळी भीति येते. तेथें सुरुंगाच्या आवाजानें भांडीं थरथरतात; बाप रात्रपाळी करून दिवसा निजलेला असतो, म्हणून मुलांनीं आवाज करावयाचा नसतो; आणि बरांजसारख्या गांवांत खाणीपायीं घरदार सोडावें लागण्याच्या गोष्टी वर्षानुवर्षें मोठ्यांच्या तोंडीं आहेत. मूल आपल्या खेळांत आहे, त्यास ह्यांतलें काय कळतें, असें मोठ्यांस वाटतें. त्यास शब्द कळत नसतील. आवाजांतला कंप मात्र त्यास नेमका कळतो.

असें मूल अंगणवाडींत येतें तेव्हां काय दिसतें? गोष्ट चालली असतां तें मधेंच उठतें. दुसऱ्याच्या हातांतील खेळणें हिसकावून घेतें आणि कोणी अडविल्यास मारतें. दोन कामें सांगितलीं तर एकही पुरें करीत नाहीं. किंवा ह्याच्या अगदीं उलट, कोपऱ्यांत बसून दाराकडे पाहत राहतें. पहिल्यास लोक ‘वांड’ म्हणतात, दुसऱ्यास ‘मंद’. आणि हीं दोन्ही नांवें पहिलीच्या वर्गापर्यंत त्याच्या पाठीस चिकटून जातात. पहिलीच्या शिक्षकास तें मूल नव्हे, तें नांव आधीं भेटतें. वस्तुतः त्या मुलाची बुद्धि कमी नसते व स्वभावही वाईट नसतो. त्याच्या मनाचा कारभारी दुसऱ्याच कामावर गुंतलेला असतो.

कारभारी हा शब्द येथें मुद्दाम योजिला आहे. मानसशास्त्रज्ञ ज्यास एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात, तें मनाचें कारभारीपणच होय. त्याचीं मुख्य अंगें तीन. सांगितलेली गोष्ट काम होईपर्यंत मनांत धरून ठेवणें हें पहिलें. उसळून आलेली ऊर्मि क्षणभर आवरणें हें दुसरें. आणि डाव बदलला, नियम बदलला, तर आपली चाल बदलणें हें तिसरें. ‘पाटी ठेव, हात धू, मग खाऊ घे’ ह्या साध्या वाक्यांत तिन्हींची परीक्षा होते. ह्या शक्ति जन्मतः तयार नसतात. कपाळामागील मेंदूच्या भागावर त्या विशेषेंकरून अवलंबून असतात; तीन ते पांच ह्या वयांत त्यांची वाढ फार झपाट्यानें होते, आणि तो भाग पुरता पक्व होण्यास पंचविशीपर्यंतचा काळ लागतो. म्हणजे चार वर्षांच्या मुलापासून पूर्ण संयमाची अपेक्षा करणारा बाप, तिसाव्या वर्षींही स्वतःस न आवरणारा, हें दृश्य शास्त्रदृष्ट्या दुहेरी विनोदाचें आहे.

आतां भीतीचा ह्या कारभाराशीं संबंध कसा, तें पाहूं गेलें तर शरीराची योजना मोठी शहाणपणाची आहे. संकट आलें कीं मूत्रपिंडावरील ग्रंथींतून रस स्रवतात, त्यांत कॉर्टिसोल नांवाचा एक असतो. हृदय जोरानें चालतें, कान टवकारतात, आणि विचार करण्यापेक्षां पळण्याकडे सारी शक्ति वळते. संकट टळलें व कोणी जवळ घेतलें, म्हणजे सर्व पुन्हा ठिकाणावर येतें. एवढ्यानें मुलाचें कांहीं बिघडत नाहीं. थोडा ताण सोसावयास शिकणें हेंही वाढीचाच भाग आहे. बिघडतें तें, धोका दिवसेंदिवस टळत नाहीं आणि जवळ घेणारें माणूसही स्वतःच भेदरलेलें किंवा थकलेलें असतें, तेव्हां. मग तें शरीर सदा पहाऱ्यावर राहतें. ज्या मेंदूस दार केव्हां वाजेल ह्याची चिंता आहे, त्यास चौकोन आणि त्रिकोण ह्यांतील भेद शिकविणें म्हणजे आग लागलेल्या घरांत हिशेब तपासण्यास बसण्यासारखें आहे. पहाऱ्यावरचें मूल दारावरील सावली सर्वांआधीं ओळखतें. हेंही एक कौशल्यच आहे, मात्र वर्गांत त्यास गुण मिळत नाहींत.

ह्या बाबतींत दोन प्रयोग सांगण्यासारखे आहेत. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथें वॉल्टर मिशेल ह्या मानसशास्त्रज्ञानें १९६०-७० च्या सुमारास बालवाडींतील मुलांपुढें एक गोड वडी ठेविली आणि सांगितलें कीं, थांबशील तर दोन मिळतील. जीं मुलें थांबलीं तीं पुढें आयुष्यांत अधिक यशस्वी झालीं, असा निष्कर्ष पुढें फार गाजला आणि अनेक आईबापांनीं घरोघर आपल्या मुलांची तीच परीक्षा घेतली. परंतु २०१८ सालीं नऊशेंहून अधिक मुलांची माहिती तपासली असतां तो संबंध पुष्कळ क्षीण निघाला. आणि घरची परिस्थिति व मुलाची आधींची तयारी हिशेबांत घेतल्यावर तर तो आणखी थोडा उरला. दुसरा प्रयोग रॉचेस्टर विद्यापीठांतील, २०१३ सालीं प्रसिद्ध झालेला. त्यांत अठ्ठावीस मुलें होतीं. चित्र काढावयास बसविलेल्या मुलास ‘याहून चांगले रंग आणून देतें’ असें सांगून निम्म्या मुलांना ते खरोखर आणून दिले, निम्म्यांना ‘नाहींत’ म्हणून रिकाम्या हातानें सांगितलें. मग तीच गोड वडी ठेविली. ज्यांस दिलेला शब्द पाळला गेला तीं मुलें सरासरी बारा मिनिटें थांबलीं. ज्यांचा भरंवसा मोडला तीं तीन.

ह्या दुसऱ्या प्रयोगांत सगळें सार आहे. जें मूल थांबत नाहीं तें संयमांत उणें असतेंच असें नाहीं. ‘थांबून कांहीं मिळत नाहीं’ हा त्याचा अनुभवसिद्ध हिशेबही असूं शकतो. तेव्हां संयम शिकविण्याची सुरुवात मुलापासून करावयाची नसून, त्यास शब्द देणाऱ्या मोठ्यांपासून करावयाची असते. शहरांतील सुखवस्तु घरांत वाघ नाहीं, सुरुंग नाहींत. पण ‘उद्यां नेतों’ म्हणून कधींच न नेणारे वडील आहेत, ‘पांच मिनिटांत येतें’ म्हणून दूरध्वनीवर तासभर बोलणारी आई आहे, आणि शयनगृहाच्या दाराआड चाललेलें भांडणही आहे. कारभारी तेथेंही पहाऱ्यावर जातो.

शिक्षेचा उपाय अनेकांस सुचतो. भ्यालेल्या मुलास धाक घालून वळण लावणें हें, ज्या रोगानें तो आजारी आहे त्याचीच आणखी एक मात्रा देण्यासारखें आहे. मूल गप्प बसतें खरें. परंतु गप्प बसणें आणि स्वतःस आवरणें ह्या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसल्या तरी आंतून अगदीं निराळ्या आहेत. बाई वर्गाबाहेर गेल्या कीं हा फरक उघडकीस येतो.

मग ही शक्ति वाढते कशानें? मुख्यत्वें खेळानें, आणि तोही महागड्या खेळण्यांनीं नव्हे. रशियांत १९४८ सालीं मानुइलेंको ह्या संशोधिकेनें दाखविलें कीं, ‘हलूं नको, उभा राहा’ म्हटल्यास लहान मूल थोडाच वेळ उभें राहतें. तेंच मूल खेळांत पहारेकरी झालें म्हणजे कितीतरी अधिक वेळ निश्चल राहतें. आमची भातुकली हेंच करते. पाहुणा झालेल्या मुलास भूक लागली तरी वाढेपर्यंत थांबावें लागतें, कारण पाहुणा थांबतो! चिमणी उडते, कावळा उडतो, पण म्हैस म्हटल्यावर उचललेला हात मधेंच आवरावा लागतो. तळ्यांत-मळ्यांत खेळतांना पाय उडी घेण्यास अधीर आणि कान शब्दावर, अशी ओढाताण चालते. मामाचें पत्र हरवलें म्हणजे पाठीमागें काय पडलें ह्याचें अवधान ठेवून स्वस्थ बसावें लागतें. हे खेळ रचणाऱ्या पिढ्यांस मानसशास्त्र ठाऊक नव्हतें. त्यांस मुलें ठाऊक होतीं.

शाळेच्या इतिहासांतही ह्यास आधार आहे. मॉंटेसोरीबाईंनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोमच्या सॅन लोरेंझो ह्या दरिद्री वस्तींत पहिलें बालगृह उघडलें, तें दिवसभर एकटीं राहणाऱ्या मुलांसाठीं. रेघेवरून तोल सांभाळून चालणें, आणि सर्वांनीं मिळून शांतता निर्माण करणें, हे त्यांचे पाठ म्हणजे स्वतःस आवरण्याचेच पाठ होते. महाराष्ट्रांत ही विद्या ताराबाई मोडकांनीं आणिली. भावनगरास गिजुभाईंबरोबर काम केल्यावर, १९२६ सालच्या नूतन बालशिक्षण संघापासून त्यांनीं तिचा प्रसार केला. आणि १९४५ सालीं बोर्डीस जाऊन, अनुताई वाघांसह, ती खेड्यांत व पुढें कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत उतरविली. त्यांचा मोठेपणा असा कीं, मुलें शाळेंत येत नाहींत हें पाहून त्यांनीं मुलांस दोष दिला नाहीं. शाळाच पाड्याच्या अंगणांत नेली. साधनेंही शिंपले, बिया, खडे अशीं तेथलीच. ओळखीच्या अंगणांत, म्हातारी आजी समोर बसलेली असतां शिकणारें मूल पहाऱ्यावर नसतें. पुढें २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारनें देशभर ज्या अंगणवाड्या चालविल्या, त्यांच्या नांवांत हें अंगण टिकून आहे. कामांत तें किती टिकलें, हा प्रश्न निराळा.

येथें एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. ह्या कौशल्यांचे ठरीव कार्यक्रम विकणारे पुष्कळ निघाले आहेत. संगणकावरील खेळांनीं मूल बहुधा त्या खेळांतच तरबेज होतें. खेळावर आधारलेल्या एका अमेरिकन शिक्षणक्रमाचा २००७ सालीं फार चांगला परिणाम प्रसिद्ध झाला. पण इतरत्र मोठ्या प्रमाणावर तो योजिला असतां तसा दिसला नाहीं. पुस्तक तेंच होतें; प्रत्येक ठिकाणीं तें चालविणारें माणूस मात्र तेंच नव्हतें.

भद्रावतीच्या अंगणवाडीस म्हणूनच फार मोठें कांहीं नको आहे. दिवसाचा क्रम ठरलेला असावा आणि तो चित्रांनीं भिंतीवर लावलेला असावा, म्हणजे पुढें काय येणार हें मुलास आधीं कळेल. दाराशीं रोज एकाच माणसानें त्यास नांवानें हांक मारून आंत घ्यावें. भीति वाटली असतां ‘वाघ बीघ कांहीं नाहीं’ असें खोटें सांगूं नये. वाघ आहे, आणि माय चौघींबरोबर गेली आहे, हें खरें सांगावें. ज्या मायेस निघतांना ‘मोहाले जातो बापू, ऊन आंगनात आलं का येतो’ एवढें सांगून जाण्याची संवय आहे, ती मुलास घड्याळ देऊन जाते. उशीर झाला तर तें सांगणारें दुसरें कोणी घरीं असावें, एवढेंच. सेविकेनें सारी दुपार पोषण ट्रॅकरवर माहिती भरण्यांत घालविल्यास भातुकलींत पाहुणी होण्यास ती उरत नाहीं. २०२४ च्या ‘आधारशिला’ ह्या सरकारी अभ्यासक्रमांत खेळास कितीही मानाचें स्थान दिलें असलें, तरी खेळास माणूस लागतें आणि माणसास वेळ.

आणखी एक उणीव हंगामाची आहे. मायबाया उजाडण्यापूर्वीं निघतात. अंगणवाडी उशिरां उघडते. मधले तास आजीच्या, किंवा आजी नसल्यास सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हवालीं असतात, आणि भीति ह्याच तासांत सर्वांत मोठी होते. मोह आणि तेंदू ह्या दोन हंगामांपुरती जंगलकांठच्या गांवांतील अंगणवाडी सूर्योदयास उघडावी, आणि त्या जादा तासांचें मानधन सेविकेस व मदतनिसास वेगळें द्यावें.