गेलेले बळ परत येताना

धडधाकट माणसाचे पाय एके दिवशी जड व्हावेत आणि चार दिवसांत त्याला अंथरुणावरून उठता येऊ नये, ही गोष्ट ऐकीव वाटते. पण २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसराने ती अनुभवली. दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली आणि ‘गुलेन बॅरी’ हे नाव घरोघरी पोचले. १९१६ साली फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या आजाराचे वर्णन केले, त्यांपैकी दोघांचे हे नाव.

या विकारात होते काय? बहुधा जुलाब किंवा सर्दीपडशासारखे दुखणे होऊन जाते. त्या जंतूंशी झगडणारी शरीराची संरक्षक शक्ती मग चुकून आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. विजेच्या तारेवरचे वेष्टन निघावे तसे तंतूवरचे आवरण झडते, आणि मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचत नाही. स्नायू शाबूत असतो, निरोपच येत नाही! श्वासाच्या स्नायूंनाही ही बाधा होऊ शकते, म्हणून सुरुवातीचे दिवस इस्पितळाचेच.

पण इस्पितळातून घरी आल्यावर खरी कसोटी लागते, आणि ती रुग्णाइतकीच घरच्यांचीही असते. कोणी म्हणते, “बिचाऱ्याला पडू द्या.” कोणी म्हणते, “जोर लाव, मनात आणलंस तर चालशील.” दोन्ही सल्ले मायेचे, आणि दोन्ही घातक.

नुसते पडून राहिले तर सांधे आखडतात, टाच वर ओढली जाते, पाठीला जखमा होतात. म्हणून हातपाय हलत नसले, तरी दुसऱ्याने ते रोज हळुवार हलवावे लागतात. पाऊल लोंबू नये म्हणून आधाराची पट्टी, कूस बदलणे, श्वासाचे व्यायाम, हे सारे पहिल्यापासून हवे. उलट, नुकत्याच सावरणाऱ्या स्नायूला दमेपर्यंत राबवले, तर थकवा नि वेदना वाढतात. थोडा व्यायाम, मग विश्रांती, पुन्हा थोडा व्यायाम, हाच इथला नियम. दुसऱ्या दिवशी अशक्तपणा अधिक वाटला, तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजावे.

फिजिओथेरपिस्ट पायऱ्या ठरवूनच काम करतात. पाय उचलता येत नसेल, तर आधी तो गादीवरच बाजूला सरकवायला लावतात, कारण तिथे पायाचे वजन पेलावे लागत नाही. मग बसणे, मग तोल, मग उभे राहणे. एकदम उभे केले तर रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते. आणखी एक सांगतो : बधिर पायाला गरम पिशवी लावू नका. चटका बसला तरी रुग्णाला कळणार नाही.

किती दिवस लागतील? नुसते आवरण झडले असेल, तर काही आठवड्यांत वा महिन्यांत फरक दिसतो. आतला तंतूच तुटला असेल, तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. गुडघ्यापासून पावलापर्यंतचे अंतर मोजा, म्हणजे वर्षाचा हिशेब का लागतो ते ध्यानात येईल. बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात, काहींना अधिक काळ लागतो, काहींत थोडी उणीव राहतेही.

तेव्हा घरच्यांनी “आज चाललास का?” असे रोज विचारू नये. गेल्या महिन्यात चमचा धरता येत नव्हता, आज येतो, एवढे वहीत टिपून ठेवावे. दिवसाला मिलिमीटरभर चालणाऱ्या कामाची प्रगती महिन्याच्या मापानेच दिसायची.