घाट उतरून, घाट चढून

(बुलढाणा येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या जिल्हा संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



पटसंख्या, बदल्या, ऑनलाइन माहितीचा भार, या सगळ्यावर काल आणि आज इथे मोकळेपणाने बोलणं झालं. त्यात मी भर घालत नाही. मी एकच विषय घेऊन उभी आहे, पहिली ते पाचवीच्या मुलांची सहल. अध्यक्षीय भाषणाला हा विषय लहान वाटेल. पण गावातल्या कुठल्याही आजोबांना शाळेबद्दल विचारा, ते भागाकार सांगत नाहीत, सहल सांगतात. जो दिवस माणसाच्या सोबत इतकी वर्षं राहतो, त्याची तयारी आपण डिसेंबरच्या एका स्टाफ मीटिंगमध्ये उरकतो, याचं मला फार वाईट वाटतं.

ठिकाण कसं ठरतं ते तुम्हाला माहीत आहे. मागच्या वर्षी शेजारची शाळा वेरूळ-दौलताबादला गेली, मग आपणही जाऊ. पहाटे चारला पोरं शाळेपुढे जमतात, अर्धी झोपेत. घाटात उलट्या सुरू होतात. लेणी, किल्ला, मकबरा, जमलं तर आणखी एखादं मंदिर, आणि मध्यरात्री परत. आठ-नऊ वर्षांच्या लेकराने त्या दिवशी सगळ्यात जास्त काय पाहिलं? पुढच्या सीटची पाठ. आणि सगळ्यात जास्त काय ऐकलं? ‘चला, चला, उशीर होतोय.’

माझं म्हणणं सरळ आहे. प्राथमिकची सहल जिल्ह्यातच असावी, एका दिवसात एकच ठिकाण असावं, आणि ते ठिकाण शिक्षकाने आधी स्वतः पायी फिरून पाहिलेलं असावं. वेरूळ कुठे पळून जात नाही. ते सातवी-आठवीत जास्त कळतं.

जिल्ह्यातच का म्हणते? कारण बुलढाण्यासारखा जिल्हा मुलांना दाखवायला मिळणं हे आपलं भाग्य आहे. आपण रोज ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असं बोलतो. मेहकर, चिखली, लोणार, देऊळगाव राजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर घाटाखाली. मोठ्यांच्या तोंडी ते सोयरिकीत येतं, राजकारणात येतं. पण संग्रामपूर तालुक्यातल्या किती मुलांनी पाचवी होईपर्यंत घाट चढलेला असतो? आणि सिंदखेड राजाच्या किती मुलांनी पूर्णेकाठची ती सपाट काळी जमीन पाहिलेली असते? तिसरीच्या परिसर अभ्यासात वर्षानुवर्षे आपलाच जिल्हा शिकवला गेला. चौथीत शिवरायांचा इतिहास, म्हणजे पहिल्याच पाठांत जिजाऊ. पुस्तकात जे आहे ते एसटीच्या दोन-तीन तासांच्या टप्प्यात आहे. असं किती जिल्ह्यांना म्हणता येईल?

राजूरच्या घाटात वरच्या बाजूला, सुरक्षित जागी बस थांबवून मुलांना पंधरा मिनिटं नुसतं बघू द्या. अजिंठ्याची रांग इथे संपते आणि खाली पूर्णेचं खोरं पसरतं. खाली पडलेला पाऊस पूर्णेतून तापीला मिळतो आणि अरबी समुद्रात जातो. वर, बुलढाण्याजवळच्या डोंगरात उगम पावणारी पैनगंगा मात्र पूर्वेकडे निघते. वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत तिचं पाणी बंगालच्या उपसागराला पोचतं. एकाच जिल्ह्यातला पाऊस दोन समुद्रांना जातो. हे फळ्यावर काढून दाखवायला एक तास लागतो आणि तरी मुलं जांभया देतात. घाटाच्या माथ्यावर एका बाजूला हात दाखवून सांगितलं की चौथीतलं पोर लगेच विचारतं, ‘मग आमच्या गावचा नाला कुठं जातो?’

आता लोणार. त्यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त सहली तिथेच येतात आणि सगळ्यात जास्त वायाही तिथेच जातात. काठावर उभं राहायचं, ‘उल्का पडली, खड्डा झाला’ एवढं सांगायचं, ग्रुप फोटो, की निघायचं.

लोणारची सहल शाळेत आठ दिवस आधी सुरू झाली पाहिजे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. आकडा पाठ करून घेऊ नका. शाळेपासून निघून तेवढं अंतर चालत न्या, फाट्यापर्यंत येईल, नाहीतर पुढच्या वस्तीपर्यंत. मग काठावर उभं राहून समोरचा काठ दाखवा, म्हणजे ‘इथून तिथपर्यंत’ पायांना आठवतं.

दुसरी तयारी हळदीची. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांना घरच्या हळदीचं पाणी लावून मुलांनी त्या सावलीत वाळवायच्या. एकीवर साध्या पाण्याचा थेंब, एकीवर लिंबाचा, एकीवर साबणाच्या पाण्याचा. साबणाच्या थेंबाने पिवळी पट्टी लालसर होते. ही मुलं घरी जाऊन आईला सांगतात, आणि आई सांगते की हळदीचा डाग साबणाने असाच लाल होतो, आणि कुंकूही हळदीचंच करतात. मग त्याच पट्ट्या लोणारला न्यायच्या. आधी विवरातल्या ‘धार’ नावाच्या झऱ्याच्या गोड्या पाण्यात बुडवायच्या, मग जिथे वनविभाग जाऊ देईल तिथे सरोवराच्या पाण्यात. धारेत पट्टी पिवळीच राहते, सरोवरात लाल होते. एकाच विवरातली दोन पाणी, आणि त्यांतला फरक मुलांनी स्वतः काढलेला. घाटाखालच्या एका शाळेतली मुलगी ती लाल पट्टी हातात धरून मला म्हणाली होती, ‘बाई, आमच्या विहिरीचं पाणीबी खारं हाये, तिथं पण लाल होईन का?’ खारपाणपट्ट्यातल्या लेकराचा प्रश्न होता तो. मी म्हटलं, घरी जाऊन करून पाहा आणि मला सांग. सहलीतून असा एक प्रश्न जरी घरी गेला, तरी भाडं वसूल झालं असं मी समजते.

तिसरी गोष्ट लोहचुंबकाची. लोणारला मातीतून चुंबक फिरवून त्याला चिकटलेले काळे कण दाखवतात आणि ते उल्केचे आहेत असं सांगतात. मुलं भारावतात. पण आधी आपल्या गावच्या नदीच्या वाळूत तोच चुंबक फिरवा. तिथेही काळे कण चिकटतात, कारण आपला सगळा काळा पाषाण लोहयुक्त आहे. हे ज्या मुलाने पाहिलं ते लोणारला गाइडचं बोलणं ऐकेल, मान डोलवेल, पण मनात तपासेल. विज्ञान शिकवणं म्हणतात ते हेच, आणि त्याला लागतो पंधरा-वीस रुपयांचा चुंबक.

विवराच्या वयाचंही असंच आहे. बरीच वर्षं ते सुमारे पन्नास हजार वर्षं सांगितलं जायचं. नंतरच्या मोजणीत ते साडेपाच लाखांहून जास्त निघालं. मुलांना दोन्ही सांगा. शास्त्रज्ञ पुन्हा मोजतात आणि आधीचं बदलतात, हे त्यांना या वयात कळलं तर फार चांगलं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा नाना तर्क झाले. तपासणीत ते मीठ मानवणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे झाल्याचं निघालं. त्याच वर्षी लोणार महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. पहिली-दुसरीच्या मुलांना यातलं फार काही नको. त्यांना लवणासुराची गोष्ट सांगा, दैत्यसूदन मंदिराच्या भिंतीवरच्या आकृती शोधायला लावा, आणि खाली उतरवूच नका. उतार त्या पायांचा नाही.

जिजाऊंच्या जन्मगावी, सिंदखेड राजाला, १२ जानेवारीला त्यांच्या जयंतीलाच जाण्याचा मोह होतो. तो उत्सव मोठा आहे, आपल्या सगळ्यांचा आहे, पण सहा-सात वर्षांच्या मुलाला त्या गर्दीत माणसांच्या कमरा दिसतात, वाडा दिसत नाही. जूनच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये जा. लखुजी जाधवरावांच्या वाड्याच्या दरवाजाची उंची मुलांना हातांनी, काठीने, सावलीने मोजू द्या. एवढा मोठा दरवाजा कशासाठी, हे त्यांनाच विचारा. हत्ती, घोडे, शत्रू, सगळी उत्तरं येतात. मग मोती तलावाच्या बांधावर बसून डबे उघडा. लढायांच्या गोष्टी ऐकून आलेल्या मुलांना, राज्य करणाऱ्यांनी पाणीही अडवलं होतं, हे तिथे दिसतं.

आणि प्रत्येक सहल प्रसिद्ध ठिकाणीच हवी असं कोणी सांगितलं? घाटावरच्या मुलांना मलकापूर-खामगावकडची जिनिंग दाखवा. त्यांनी स्वतः वेचलेल्या कापसातून सरकी वेगळी कशी होते, रुईची गठाण कशी बांधतात, हे त्यांनी पाहिलेलं नसतं. मशीनपासून लांब, मालकाशी आधी बोलून, दहा-दहाच्या गटाने. जलंबपासून खामगावपर्यंतचा १३ किलोमीटरचा रेल्वेफाटा १८७० मध्ये याच कापसासाठी टाकला गेला, हे तिथे सांगितलं की शेत, बाजार आणि रेल्वे मुलांच्या डोक्यात एका ओळीत उभे राहतात. शाळेने मुलांच्या जगात जाण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं जिथे आहेत तिथे शाळा गेली. सहलीत मुलं शाळेबाहेर येतात, तेव्हा शाळेनेही त्यांच्या जगातलं काहीतरी उचललं पाहिजे.

आता व्यवहाराचं. परवानगी, संमतीपत्र, प्रथमोपचार पेटी, ही कागदोपत्री तयारी तुम्ही करताच. २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात सहलीचे विद्यार्थी बुडाले, त्यानंतर नियम कडक झाले ते योग्यच झालं. पण नियम पाळणं म्हणजे फाइल पूर्ण करणं नाही. आधी एकदा स्वतः जाऊन या आणि चार गोष्टी डोळ्यांनी पाहा: मुलींसाठी स्वच्छतागृह चालू आहे का, त्याला पाणी आहे का, जेवायला सावली कुठे, बस उभी राहिल्यावर मुलांना रस्ता ओलांडावा लागतो का. जवळचा दवाखाना कुठे हेही विचारून ठेवा. ज्यांना गाडी लागते ती मुलं पुढे, खिडकीशी. चालायला त्रास असणाऱ्या मुलाच्या चालीने सगळा वर्ग चालेल, तो मागे राहणार नाही. मोजणी बसमध्ये चढताना करा, सुटल्यावर नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगते. सहलीच्या यादीत कोण आहे ते आपण बघतो. कोण नाही ते बघा. डिसेंबर-जानेवारीत कापूस वेचणीला पोरं रानात असतात. काहींचे आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात आणि पोर आजीजवळ असतं. ती आजी पैसे कुठून देणार? मुलगी मग सांगते, ‘मला यायचंच नव्हतं.’ हे वाक्य आपण प्रत्येकाने ऐकलं आहे आणि ते खोटं आहे हेही आपल्याला कळतं. एसटी शालेय सहलीला निम्म्या भाड्यात मिळते. शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय जूनमध्येच ठेवा, थोडे थोडे पैसे गोळा करा, कमी पडतील ते गावातून मागा. जिल्ह्यातली, एका ठिकाणाची सहल स्वस्त पडते, म्हणूनही मी तिचा आग्रह धरते. वर्गातलं एकही मूल पैशामुळे मागे राहणार असेल तर ठिकाण बदला, मूल वगळू नका.

परत आल्यावर ‘आमची सहल’ हा निबंध लिहायला लावू नका. सगळ्या वह्यांत ‘आम्ही पहाटे शाळेत जमलो’ असंच येतं आणि ‘खूप मजा आली’ने संपतं. त्याऐवजी प्रत्येकाला एकच वस्तू लिहायला सांगा, जी इतर कोणी पाहिली नसेल. एकाने दरवाजाच्या फटीतलं पाकोळीचं घरटं लिहिलं होतं. दुसऱ्याने बस ड्रायव्हरकाका घाटात कोणत्या वळणाला हॉर्न वाजवतात ते लिहिलं होतं. ते वाचताना मला कळलं की या मुलाने खरंच प्रवास केला.

शेवटी या संमेलनापुढे एक मागणी ठेवते आणि ठराव म्हणून ती मंजूर व्हावी अशी विनंती करते. घाटावरच्या प्रत्येक केंद्राने घाटाखालच्या एका केंद्राशी जोडी करावी. लोणारची मुलं संग्रामपूरच्या मुलांना विवर दाखवतील, त्यांच्या शाळेतच जेवण होईल; पुढच्या वर्षी लोणारची मुलं खाली जातील आणि संग्रामपूरची मुलं त्यांना आपलं शेत, आपली खारी विहीर, आपला सातपुडा दाखवतील. ज्या मुलाला पाहुण्यांना आपलं गाव दाखवायचं आहे, ते मूल आधी स्वतः ते गाव नीट पाहतं. जोड्यांची यादी दिवाळीच्या सुट्टीआधी तयार झाली, तर याच वर्षी पहिल्या बस निघू शकतील. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. केंद्रप्रमुखांनी जाण्याआधी त्यात आपल्या केंद्राचं नाव लिहावं.